येशू देव की देवाचा? आमच्या रविवारच्या वाचनात अडलेला प्रश्न

जुनी_वही

गेली अकरा वर्षं दर रविवारी संध्याकाळी नाशिकच्या शरणपूर रोडला आमच्या घरी पवित्र शास्त्राचं वाचन असतं. आठ-दहा माणसं जमतात. एक अध्याय, थोडी प्रार्थना, मग चहा. मागच्या महिन्यात योहानाचं शुभवर्तमान सुरू केलं. पहिलंच वचन: प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता, शब्द देव होता. वाचून झालं आणि माझा भाचा, बहिणीचा धाकटा, म्हणाला, "मावशी, देवळात मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणताना माझी जीभ इथेच अडते. येशू मसीहा आहे, देवाचा पुत्र आहे, मेलेल्यांतून उठला आहे, हे मी मनापासून मानतो. पण मरीयेच्या पोटी येण्याआधी तो होता, आणि तो स्वतः देव आहे, हे मला शास्त्रात सापडत नाही."

खोलीत कोणी बोलेना. मग गटातल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं की ज्याचा पायाच डळमळीत आहे त्यानं तो पक्का होईपर्यंत वाचनाला बसू नये. पोरानं कप उचलला, मोरीत विसळून ठेवला आणि निघून गेला. पुढचे तीन रविवार आला नाही. मी घरधनीण, आणि मी त्या वेळी तोंड उघडलं नाही. ते मला अजून लागतंय.

मी मराठीची शिक्षिका होते, धर्मशास्त्र शिकलेली नाही. पण या तीन आठवड्यांत मिळेल ते वाचलं. वाचता वाचता लक्षात आलं की आपण ज्याला एक प्रश्न समजून भांडतो ते दोन आहेत. बेथलेहेमात जन्मण्याआधी पुत्र होता का, हा एक. आणि पिता ज्या अर्थानं देव आहे त्याच अर्थानं पुत्र देव आहे का, हा दुसरा. पहिल्याला हो म्हणून दुसऱ्याला नाही म्हणता येतं. आरियसनं नेमकं तेच केलं.

आरियस हा अलेक्झांड्रियातला प्रेस्बिटर, म्हणजे चर्चमधला धर्मगुरू. इ.स. ३१८ च्या सुमारास त्याचं आपल्या बिशपाशी, अलेक्झांडरशी, वाजलं. पुत्र सगळ्या सृष्टीआधीचा आहे, सृष्टी त्याच्या द्वारे झाली, इथपर्यंत त्याला सगळं कबूल होतं. पण पुत्र स्वतःही पित्यानं घडवलेला, सगळ्यांत पहिला, सगळ्यांत थोर, तरी घडवलेलाच. आणि म्हणून तो नव्हता असंही कधीतरी होतं, हे त्याचं म्हणणं. ते त्यानं गाण्यांत बांधलं. खलाशी, दळणारे, वाटसरू ती गाणी म्हणत, असं सांगतात. जात्यावरच्या ओवीतून मत कसं घरोघर जातं हे आपल्याला कोणी समजवायला नको. मग ३२५ मध्ये नायसियाला, आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद भरली आणि 'पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा, जन्मलेला, केलेला नव्हे' असं ठरलं. २०२५ मध्ये त्याला १७०० वर्षं झाली.

माझा भाचा हे म्हणत नाही. तो पहिल्याच प्रश्नाला नाही म्हणतो. त्याची वाट चौथ्या शतकात सिर्मियमचा बिशप फोटिनस चालला, सोळाव्या शतकात सोसिनस चालला, आणि पोलंडमधल्या राकूव गावाहून १६०५ साली त्या मताची प्रश्नोत्तरावली निघाली. आमच्या गटात त्याला 'आरियसवाला' म्हणून मोकळे झाले. ज्याला उत्तर द्यायचं त्याचा प्रश्न तरी आधी नीट ऐकावा ना!

मी स्वतः मतांगीकार शब्दन् शब्द मानते. पण का मानते, हे त्याला सांगता यायला हवं. तुम्ही कुठे उभे आहात आणि का, ते लिहा. कोणाला पाखंडी म्हणू नका, एवढी विनंती.

नाशिकरोडकर

ताई, मी कॅथलिक. आमच्याकडे फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला किती गर्दी होते ते तुम्ही पाहिलंच असेल. ख्रिस्ती नसलेलेही नवस बोलायला येतात. लहानपणी आजीचा हात धरून रांगेत उभा असायचो तेव्हा मला प्रश्नच पडला नव्हता. हे बाळ आहे आणि हा देव आहे, दोन्ही एकदमच खरं होतं.

मोठेपणी कळलं की याच गोष्टीवरून ४३१ मध्ये इफिससला परिषद भरली होती. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस मरीयेला 'देवाची माता' म्हणायला तयार नव्हता. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही, अशा अर्थाचं त्याचं बोलणं सॉक्रेटिस नावाच्या चर्चच्या इतिहासकारानं नोंदलं आहे. परिषदेनं मरीयेचा तो मान कायम ठेवला. तो निर्णय खरं तर तिच्याबद्दल कमी आणि तिच्या पोटातल्या बाळाबद्दल जास्त होता. कुशीतलं बाळ देव नसेल तर आमची आजी रांगेत कोणापुढे हात जोडत होती?

ग्रीकचा_विद्यार्थी

योहान १:१ बद्दल थोडं. मूळ ग्रीकमध्ये 'शब्द देवासह होता' इथल्या 'देव' या शब्दाला उपपद (इंग्रजीतल्या 'the'सारखं) आहे, आणि 'शब्द देव होता' इथे नाही. यहोवाचे साक्षीदार यावरून 'शब्द एक देव होता' असं भाषांतर करतात. त्यांच्या शिकवणीनुसार येशू ही यहोवाची पहिली निर्मिती, मुख्य देवदूत मिखाएल. म्हणजे ताईंच्या भाषेत पहिल्या प्रश्नाला हो, दुसऱ्याला नाही.

पण ग्रीकमध्ये विधेय क्रियापदाच्या आधी आलं की उपपद बहुतेकदा गळतं. त्याच अध्यायात पुढे १:६, १:१२, १:१८ मध्येही 'देव' उपपदाशिवाय आहे आणि तिथे कोणी 'एका देवापासून पाठवलेला' असं म्हणत नाही. उलट तिथे उपपद असतं तर 'देव म्हणजे शब्द, बस्स' असा अर्थ होऊन पिता आणि पुत्र एकच व्यक्ती ठरले असते, आणि 'देवासह होता' हे आधीचंच वाक्य खोटं पडलं असतं. योहानानं शब्द फार जपून ठेवले आहेत.

जुनी_वही

किती छान उलगडलंत. आणि गंमत बघा, आपल्या मराठीत उपपदच नाही! 'तो माणूस आहे' म्हटलं की अख्खी मानवजात म्हणजे तोच असं कोणी समजत नाही, आणि 'माणसासारखा काहीतरी आहे' असंही समजत नाही. तो जातीनं, स्वभावानं माणूस आहे, एवढंच सरळ कळतं. 'शब्द देव होता' हे मराठी कानाला अगदी तसंच ऐकू येतं. इंग्रजी वाचणाऱ्याला जो पेच पडतो तो आपल्याला भाषेनंच सोडवून दिला आहे.

प्रकाशवाट

एवढी चर्चा कशाला? १ योहान ५:७ मध्ये पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत असं स्वच्छ लिहिलंय की.

ग्रीकचा_विद्यार्थी

दादा, त्या वचनावर भार टाकू नका. ते वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसनं १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घेतलं, आणि तिथून ते जुन्या भाषांतरांत शिरलं. त्रैक्य मी मानतो, पण उसन्या विटेवर भिंत नको. समोरचा ती एक वीट काढतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की सगळं घरच तसलं.

त्र्यंबकवारी

मी वारकरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दरवर्षी पायी जातो. बाहेरचा माणूस म्हणून विचारतो, राग मानू नका. निर्गुण तोच सगुण झाला, हे आम्हाला रोजचं. देव आधी होता आणि मग देह धरून आला, यात अडण्यासारखं काय आहे? 'अवतार' म्हणा की. तुमच्यात एवढे तंटे का झाले?

शरणपूरकर

माउली, राग कसला? हा प्रश्न आमच्याच लोकांनी फार प्रेमानं धरला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्याच वाटेनं ख्रिस्ताकडे आले आणि त्याला माउली म्हणून हाक मारत राहिले. दक्षिणेत ख्रिस्ती विचारवंत चक्करै यांनी तर 'अवतार' हाच शब्द उचलला.

पण दोन ठिकाणी तो आम्हाला अपुरा पडतो. अवतार अनेक होतात आणि कार्य झालं की देह ठेवतात. आमचा विश्वास असा की शब्द एकदाच देही झाला आणि त्यानं तो देह पुन्हा टाकला नाही. उठला तोही देहासकट, जखमांच्या खुणांसकट. शिष्य थोमा त्या खुणा पाहूनच 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' म्हणाला. दुसरं म्हणजे, यहुदी माणसासाठी देव एक आणि सृष्टी वेगळी, मधली पायरीच नाही. तुमच्याकडे जीव आणि शिव यांच्यात जवळीक आहे, वाट आहे. तिथे खोल दरी होती, आणि येशू दरीच्या कोणत्या काठावरचा, हे सांगावंच लागलं. तंटा तिथून सुरू झाला.

त्र्यंबकवारी

दरीचं पटलं. जखमांसकट उठला, हे मला ठाऊक नव्हतं. धन्यवाद.

समाजी

मी प्रार्थना समाजाच्या परंपरेतला. दुसरी बाजूही इथे यावी म्हणून लिहितो.

येशूला गुरू मानणारे पण देव न मानणारे लोक हिंदुस्थानात नवे नाहीत. राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूचे उपदेश वेगळे काढून छापले आणि सेरामपूरच्या मिशनरी मार्शमनशी त्यांचा मोठा वाद झाला. त्याच सुमारास रॉय आणि विल्यम ॲडम, येट्स हे बाप्टिस्ट मिशनरी शुभवर्तमानांचं बंगालीत भाषांतर करत होते. योहान १:३ वर गाडी अडली: सर्व काही त्यानं केलं, की त्याच्या द्वारे झालं? एका शब्दयोगी अव्ययावरून येट्स बाहेर पडले आणि १८२१ मध्ये ॲडम यांनी आपण एकेश्वरवादी म्हणजे युनिटेरियन झाल्याचं जाहीर केलं. आपल्या विठ्ठल रामजी शिंद्यांना १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला याच युनिटेरियन मंडळींनी पाठवलं होतं. येशूवर त्यांचं प्रेम कमी नव्हतं.

आणि नायसियाचं म्हणाल तर बादशहा कॉन्स्टंटाईननं साम्राज्य एक ठेवण्यासाठी परिषद बोलावली. त्याच्या दरबारात येशूला देवपण बहाल झालं, असं मला वाटतं.

ग्रीकचा_विद्यार्थी

ॲडम यांची गोष्ट फार मोलाची. त्याच अव्ययाला आपलं मराठी 'द्वारे' अगदी नेमकं बसतं, आणि आरियसही 'द्वारे' आनंदानं म्हणायचा.

पण शेवटच्या परिच्छेदाला माझी हरकत आहे. इ.स. ११२ च्या आसपास प्लिनी नावाचा रोमी सुभेदार ट्रेजन बादशहाला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रं म्हणतात. हा प्लिनी बिथिनियाचा सुभेदार, आणि नायसिया त्याच सुभ्यातलं शहर! म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षं आधी त्याच मुलखात लोक पहाटे काय गात होते ते शत्रूपक्षाच्या कागदात आहे. त्याच काळात अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस मृत्युदंडासाठी रोमकडे जाताना आपल्या पत्रांत येशूला सरळ 'आपला देव' म्हणतो.

आणि बादशहाचं बळ नायसियाच्या बाजूला टिकलंच नाही. आरियसशी सहानुभूती असलेल्या निकोमिडियाच्या बिशप युसेबियसकडूनच कॉन्स्टंटाईननं ३३७ मध्ये मरणाआधी बाप्तिस्मा घेतला. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस तर उघडपणे नायसियाविरुद्ध होता. नायसिया धरून बसलेला अथानासियस पाच वेळा हद्दपार झाला, एकंदर सतरा वर्षं. सत्तेच्या जोरावर हे मत टिकलं असतं तर त्याला वाळवंटात लपावं लागलं नसतं.

समाजी

प्लिनीचं पत्र मी या प्रकाशात पाहिलं नव्हतं. दरबाराचा मुद्दा मागे घेतो. मात्र 'देव मानून गात होते' आणि 'तो देव होता' यांत अंतर आहे, ते माझ्यापुरतं राहतं.

देवळाली_कॅम्प

मावशी, हा धागा आईनं पाठवला. तू जो भाचा म्हणतेस तो मीच. तू इतकं वाचलंस हे पाहून कसंतरीच झालं. मला वाटलं होतं तूही त्यांच्याच बाजूची आहेस.

माझं म्हणणं पूर्ण मांडतो, त्या दिवशी अर्धंच राहिलं.

लूक १:३५ मध्ये देवदूत मरीयेला सांगतो की पवित्र आत्मा तुझ्यावर येईल, 'म्हणून' जन्मणाऱ्याला देवाचा पुत्र म्हणतील. त्या 'म्हणून'वर मी दोन वर्षं अडून आहे. तो आधीपासूनच पुत्र असेल तर 'म्हणून' कशाला? पेन्टेकॉस्टच्या सणाला पेत्र पहिलाच उपदेश करतो, तीन हजार लोक बाप्तिस्मा घेतात, आणि त्या उपदेशात काय आहे? येशू हा 'मनुष्य', देवानं त्याला उठवलं, देवानं त्याला प्रभू व ख्रिस्त केलं. जन्माआधीचं अक्षर नाही. तारणासाठी ते लागत असेल तर पेत्रानं त्या तीन हजारांपासून लपवलं का? मार्क १३:३२ मध्ये तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. १ तीमथ्य २:५ मध्ये देव एक आणि मध्यस्थ एक, 'मनुष्य ख्रिस्त येशू'. १ करिंथ ८:६ मध्ये पौल लिहितो, आपल्याला एकच देव, पिता.

राहिलं योहान १७:५, जग होण्याआधीचं गौरव. यिर्मयाला देव सांगतो की पोटात घडवण्याआधीच मी तुला ओळखलं. म्हणून यिर्मया आधी होता का? देवाच्या योजनेत जे ठरलं ते यहुदी माणूस 'आहे' असंच बोलतो.

आणि खरं कारण सांगू? गेथशेमाने, क्रूसाच्या आदल्या रात्रीची ती बाग. बाबा गेले त्या वर्षी मला एकच चित्र धरून ठेवत होतं: एक माणूस, जमिनीवर पालथा, घाबरलेला, 'हा प्याला टळो' म्हणणारा. तो मनातून जाणत असेल की आपण देव आहोत, तर ती भीती खरी कशी? तो देव झाला की माझ्यापासून लांब जातो, मावशी. म्हणून मी हट्टाला पेटलोय, ग्रीकसाठी नाही.

जुनी_वही

बाळा, शेवटचा परिच्छेद वाचून मी उठून गॅलरीत जाऊन आले. हे तू त्या दिवशी बोलला असतास तर... नाही, आम्ही बोलू दिलं नाही.

आधी तिथलंच बोलते. तुझी भीती चर्चलाही वाटली होती. चौथ्या शतकात अपोलिनारिस म्हणून एक बिशप होता, नायसियाचा कट्टर पुरस्कर्ता. तो म्हणाला की येशूत माणसाचं मन नव्हतंच, त्या जागी शब्दच होता. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं हे मत नाकारलं. येशूचं देवपण ज्यांनी जपलं त्याच लोकांनी त्याचं माणूसपणही तितक्याच हट्टानं जपलं. नाझियान्झसचा ग्रेगरी हा धर्मपंडित तेव्हा म्हणत होता की ख्रिस्तानं आपलं जे घेतलंच नाही ते बरंही झालं नाही. माणसाचं मन घेतलं नसेल तर आपलं घाबरलेलं मन कोण बरं करणार? ती भीती खरी होती. मतांगीकार म्हणणाऱ्यानं ती नाटक म्हणायची नाही.

आता १ करिंथ ८:६. तू अर्धं वचन दिलंस. पुढचं अर्धं: आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही झालं. पौल लहानपणापासून रोज म्हणत आला होता, 'हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव एकच प्रभू आहे'. अनुवाद या पुस्तकातलं ६:४. त्या एका वाक्यातला 'देव' त्यानं पित्यासाठी ठेवला आणि 'प्रभू' येशूसाठी, आणि तरी 'एक' हा शब्द सोडला नाही. हे पत्र इ.स. ५५ च्या आसपासचं, योहानाच्या आधीचं. यहुद्यानं त्या वाक्याच्या आत दुसरं नाव ठेवावं, ही साधी गोष्ट नाही रे. आणि 'ज्याच्या द्वारे सर्व काही' म्हणताना तो आधी होता हेही त्यातच येतं.

फिलिप्पै २ बघ. देवाच्या स्वरूपाचा असून त्यानं स्वतःला 'रिक्त' केलं, दासाचं रूप घेतलं. हे पौलाच्याही आधीचं गीत असावं असं बरेच अभ्यासक मानतात. व्याकरण शिकवलेल्या बाईचा एक साधा प्रश्न: जो नव्हताच तो स्वतःला रिक्त कसा करील? रिकामं व्हायला आधी भरलेलं असावं लागतं.

आणि १७:५. यिर्मयाला देव म्हणतो, 'मी तुला ओळखलं'. यिर्मया देवाला म्हणत नाही की तेव्हा तुझ्याजवळ माझं जे होतं ते परत दे. योजनेला आठवण नसते, बाळा. योहान ६:६२ मध्ये येशू म्हणतो, मनुष्याचा पुत्र पूर्वी होता तिथे चढताना पाहाल तर?

लूकचा 'म्हणून' मात्र मला खरंच अडतो. मी असं वाचते की तिथे तो पुत्र कधीपासून आहे हे नव्हे, तर मरीयेला काय दिसेल, काय कळेल हे सांगितलंय. पण तुझा प्रश्न पोकळ नाही.

तो देव झाला की लांब जातो म्हणतोस. मला उलट वाटतं. तुझे बाबा आयसीयूत होते तेव्हा काचेबाहेर मी तुझ्याबरोबर उभी होते. तिथे जमिनीवर पालथा पडलेला एक चांगला माणूस आठवून तुला धीर आला. मला धीर आला तो या गोष्टीनं की देवानं दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही, स्वतः आला.

ग्रीकचा_विद्यार्थी

+१. फक्त भर घालतो. योहान ८:५८ मध्ये अब्राहामाच्या जन्माआधी 'मी होतो' असं व्याकरणानं यायला हवं, येशू म्हणतो 'मी आहे'. हेच शब्द ९:९ मध्ये बरा झालेला आंधळाही 'तो मीच' या अर्थानं बोलतो, त्यामुळे नुसत्या शब्दांवर जोर देऊ नये. पण ८:५९ मध्ये ऐकणाऱ्यांनी दगड उचलले. आंधळ्यावर कोणी उचलले नाहीत.

देवळाली_कॅम्प

फिलिप्पै २ ची एक वेगळी मांडणी मी वाचली आहे: तिथे तुलना आदामाशी आहे. आदामही देवाच्या प्रतिरूपाचा, त्यानं देवाच्या बरोबरीचं होण्यासाठी हात घातला; येशूनं घातला नाही. मग 'रिक्त केलं' हे पृथ्वीवरच्या आयुष्याबद्दल होतं, जन्माआधीचं लागत नाही. आणि नमनावरून देवपण सिद्ध करणाऱ्यांना १ इतिहास २९:२० दाखवतो. तिथे लोक परमेश्वराला आणि राजाला एकदमच नमन करतात.

पण ६:६२ ला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आणि अनुवाद ६:४ च्या आत पौलानं ते नाव ठेवलं, हे मी कधी तसं पाहिलंच नव्हतं. मला वेळ लागेल, मावशी.

नाशिकरोडकर

नमनाचं: प्रकटीकरण १९:१० मध्ये योहान देवदूताच्या पाया पडतो तर देवदूत त्याला थांबवतो, देवाला नमन कर म्हणतो. पाचव्या अध्यायात मात्र सगळी सृष्टी राजासनावर बसलेल्याला आणि कोकऱ्याला, म्हणजे ख्रिस्ताला, एकत्र धन्यवाद देते, आणि कोणी थांबवत नाही. इतिहासाच्या पुस्तकातला तो राजा सिंहासनावर होता, पण त्याच्यापुढे सगळी सृष्टी गात नव्हती. यावरही विचार कर, मित्रा. घाई नाही.

शरणपूरकर

गेथशेमानेवरून माझ्या मनात आलं ते लिहितो. आमच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा दिला, शिकवलं. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शोधात निघालेल्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, आणि दफनाचं वाचन जेकबनं केलं. ते वाचन योहान ११:२५ नं सुरू होतं: पुनरुत्थान व जीवन मी आहे. गुलामीतून सुटलेला पोरगा, नाशिकला अक्षरं शिकलेला, परक्या मातीत उघड्या खड्ड्यापुढे उभा राहून ते 'मी आहे' मोठ्यानं वाचतो. मी माझ्या आईच्या वेळी तेच वाचलं. तिथे उभं राहिल्यावर ते वाक्य एखाद्या फार मोठ्या, पण घडवलेल्या जिवाचं असेल, असं मला वाटूच शकलं नाही. हा पुरावा नाही, मला माहीत आहे.

सांजवात

सगळं वाचलं. वचनांतलं मला फार कळत नाही. मला वाचनातून उठवलेल्या मुलाबद्दल बोलायचंय. लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्या, नाशिकच्या लेकी. त्यांचे पती ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी १९०० मध्ये. मधली वर्षं ताटातूट, रडणं, आणि तरी नातं तुटू न देणं. टिळकांनी त्यांना वेळ दिला. पुढे टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धं राहिलं तेव्हा ते पुरं कोणी केलं? त्याच बाईंनी. वेळ देण्याचं एवढं उदाहरण आपल्याच गावात असताना एका पोराला तीन रविवार बाहेर ठेवायचं?

जुनी_वही

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल त्या वडीलधाऱ्यांच्या घरी गेले. हा धागा त्यांना मोबाईलवर वाचून दाखवला, त्यांचा चष्मा नीट चालत नाही. गेथशेमानेपर्यंत आले तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं. त्यांचाही धाकटा भाऊ गेल्याच वर्षी गेला. मग म्हणाले, त्याला म्हणावं ये, पण मी माझं मत बदलणार नाही. मी म्हटलं, नका बदलू, मीही बदलणार नाही. ते येणार आहेत.

@देवळाली_कॅम्प, मतांगीकार म्हणताना ज्या ओळीवर जीभ अडते तिथे गप्प राहा, कोणी बघत नाही. रविवारी साडेसहाला ये. तुझी ग्रीक प्रत आण, आईलाही आण. पहिल्या अध्यायाचं चौदावं वचन राहिलंय, शब्द देही झाला. ते तू वाच.